बुजणारा घोडा आणि खोडीचा घोडा: अपघातात आणि भरपाईत फरक कुठे पडतो

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा तापीकाठी मारवाडी, काठेवाडी, नुकरा अशा घोड्यांच्या दावणी लागतात. अशा गर्दीत कुणाला लाथ बसली किंवा कुणी पाठीवरून फेकला गेला, की ‘घोडा खोडीचाच होता’ असा निवाडा उभ्या उभ्या होऊन जातो. तो अनेकदा चुकीचा असतो, कारण बुजलेला घोडा आणि खोडीचा घोडा यांनी केलेली इजा सारखी दिसली तरी त्यामागची कारणे निराळी असतात. त्यामुळे बचावाचे उपायही निराळे ठरतात आणि पुढे भरपाई मागताना जे सिद्ध करावे लागते तेही निराळे असते.

घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. फक्त कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीच्या थेट मागचा पट्टा दिसत नाही. त्या पट्ट्यातून कुणी अचानक आले, वरातीत डीजेचा दणका कानाशी बसला किंवा पायाशी फटाक्यांची माळ लागली, तर उत्तम शिकवलेली घोडीही उधळू शकते. बुजण्याआधी मान ताठ वर जाते, कान आवाजाच्या दिशेने टवकारतात, नाकपुड्या फुगतात आणि घोडा फुरफुरतो. त्याला माणसाला इजा करायची नसते, तेथून निघून जायचे असते, आणि त्या वाटेत जो येतो तो तुडवला जातो.

खोडीच्या घोड्याचे तसे नसते. तो कान मागे मानेला चिकटवतो, दात दाखवतो, पुठ्ठा म्हणजे मागचा भाग माणसाकडे वळवतो आणि मागचा एक पाय हलका करून मग दुगाणी झाडतो. आसपास काहीही घडलेले नसताना, त्याच माणसावर किंवा त्याच प्रसंगी, उदाहरणार्थ तंग (जिनाचा पोटाखालचा पट्टा) आवळताना किंवा दाणा टाकताना, तो पुन्हा पुन्हा तेच करतो. ही पुनरावृत्ती हीच खोडीची खरी ओळख. मात्र शांत घोडा एकाएकी चावू लागला, तर आधी त्याची पाठ, दात आणि खूर पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावेत. जिनाखाली जखम असेल किंवा दाढेची कड गालाला कापत असेल, तर ज्याला आपण खोड म्हणतो ते दुखणेच असते आणि चाबकाने ते वाढते.

पागेतली खबरदारीही यावरूनच ठरते. बुजण्याविरुद्धचे उपाय परिसराचे आहेत: घोड्याच्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जाणे, ओढताच सुटणारी गाठ मारणे, दोर हाताला गुंडाळून न घेणे, आणि वरातीत लगाम अनुभवी मोतद्दाराच्याच (घोड्याची निगा राखणाऱ्याच्याच) हाती ठेवणे. रिकिबीत पाय अडकून फरफटत जाणे हा पडण्याहून भयंकर प्रकार आहे; म्हणून टाचेचे बूट आणि शिरस्त्राण हवेतच. खोडीच्या घोड्यासाठी उपाय त्या एका जनावराचे असतात. त्याला वेगळे ठाण द्यावे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेपासून दूर अगाडी-पिछाडीने (पुढच्या आणि मागच्या दोरांनी) बांधावे आणि नवख्या माणसाला त्याच्याजवळ पाठवू नये. ‘लाथ मारतो’ अशी पाटी लावणे योग्यच आहे, पण तीच पाटी मालकाला खोड ठाऊक होती याचा पुरावाही ठरते, हे मालकांनी ध्यानात घ्यावे.

भरपाईचा मुद्दा नेमका येथेच येतो. कायद्याच्या दृष्टीने घोडा हा वाघ-सिंहाप्रमाणे जात्याच धोकादायक प्राणी नव्हे, माणसाळलेला प्राणी आहे. त्यामुळे इजा झाली म्हणजे मालक आपोआप जबाबदार, असे होत नाही. खोडीचा आरोप करणाऱ्याला ती खोड आधीपासून होती आणि मालकाला माहीत होती, हे दाखवावे लागते. पूर्वी चावा घेतलेला माणूस, शेजारच्या दावणीचा मालक किंवा जुना मोतद्दार असे साक्षीदार तेथे कामी येतात. एवढे सिद्ध झाले, की ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हा बचाव लंगडा पडतो. घोडा केवळ बुजला असेल, तर मात्र दावा निष्काळजीपणावर उभा करावा लागतो: तंग जीर्ण होता, लगाम पोराच्या हाती होता किंवा फटाके वाजत असतानाही घोडी पुढे नेली. स्वार स्वतःच दोषी असेल, तर रक्कम त्या प्रमाणात घटते. पैसे देऊन घेतलेली रपेट ही सेवा असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते, पण २ वर्षांच्या आत. ‘घोड्याचा विमा आहे’ या आश्वासनावर मात्र विसंबू नये. जनावराचा विमा घोडा मेल्यास मालकाला पैसे देतो, पडलेल्या स्वाराला नव्हे.

रुग्णालयात इजा कशी झाली हे नोंदवताना केवळ ‘पडून’ असे लिहून न घेता ‘घोड्याची लाथ लागून’ किंवा ‘घोडा उधळल्याने पडून’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जनावराबाबतच्या निष्काळजी वर्तनाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु तो फौजदारी भाग झाला, त्यातून जखमीला भरपाई मिळतेच असे नाही.

घोडा विकत घेतल्यावर खोड उघडी पडली तर काय, याचे उत्तर १८७२ च्या करार कायद्यात आहे. त्यातल्या कपटाविषयीच्या १७ व्या कलमाची बहुतेक उदाहरणे घोड्याच्याच विक्रीची आहेत. लिलावात घोड्याचा दोष ठाऊक असूनही विकणारा नुसता गप्प राहिला, तर ते कपट नव्हे. पण ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ असे घेणाऱ्याने सांगितल्यावरही विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. सारंगखेड्यात सौदा करताना हा प्रश्न चार माणसांसमोर विचारावा आणि उत्तर सौदापावतीवर लिहून घ्यावे.