पॅरिसमधील मेजवानी आणि ख्रिस्ती संतापाची पार्श्वभूमी

26 जुलै 2024 च्या पावसाळी रात्री पॅरिसमध्ये सीन नदीवर ऑलिंपिकचे उद्घाटन झाले आणि त्यातील एका प्रवेशाने जगभरचे ख्रिस्ती लोक दुखावले. लांब मेजासारख्या मंचामागे ड्रॅग कलाकार, म्हणजे भडक स्त्रीवेषात रंगमंचावर येणारे कलाकार, ओळीने उभे होते, मध्यभागी प्रभामंडळाची आठवण करून देणारा मुकुट घातलेली स्त्री होती, आणि थोड्या वेळाने निळ्या रंगाने माखलेला एक गायक मद्याचा ग्रीक देव डायोनिसस याच्या रूपात अवतरला. अनेकांना त्यात लिओनार्दोने मिलानच्या मठात रंगवलेले, येशूने शिष्यांसोबत घेतलेले प्रभूचे शेवटचे भोजन दिसले, तर दिग्दर्शक तोमा जोली यांनी आपल्याला ऑलिंपस पर्वतावरील ग्रीक देवांची मेजवानी दाखवायची होती असे सांगितले. फ्रान्सच्या बिशप परिषदेने दुसऱ्याच दिवशी सोहळ्यातील सौंदर्याची आणि आनंदाची आधी प्रशंसा केली आणि मग ख्रिस्ती धर्माची टिंगल करणाऱ्या दृश्यांबद्दल खेद नोंदवला. त्या निवेदनात बंदीची वा खटल्याची मागणी नव्हती. 28 जुलैला आयोजकांनी कोणी दुखावले असल्यास क्षमा मागितली, आणि 3 ऑगस्टला व्हॅटिकननेही दुःख व्यक्त केले.

मनोरंजनाविषयीचा ख्रिस्ती लोकांचा राग या सोहळ्यापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि ख्रिस्ती लोकांच्या हाती किती सत्ता होती त्यानुसार त्याचे रूप पालटत गेले आहे. इसवी सन 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या तेर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने रोमन खेळांविरुद्ध एक प्रबंध लिहिला. रथांच्या शर्यती, नाटके आणि आखाड्यातील झुंजी देवदेवतांना वाहिलेल्या असल्यामुळे बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने तिकडे फिरकू नये, असे त्याचे म्हणणे होते. खेळ बंद पाडा असे तो म्हणत नाही. तेवढे बळ त्याच्या मंडळीकडे नव्हतेच. मात्र त्याच प्रबंधाच्या शेवटी न्यायाच्या दिवशी नट आणि सारथी आगीत होरपळताना पाहण्याच्या कल्पनेने तो हरखून जातो, तेव्हा तमाशा पाहण्याची हौस त्याची सुटली नव्हती, तिची तारीख फक्त पुढे गेली होती, असे वाटल्यावाचून राहत नाही. साधारण त्याच काळात रोमच्या पॅलाटाइन टेकडीवरील एका भिंतीवर कोणीतरी गाढवाचे डोके असलेला, वधस्तंभावर टांगलेला देव आणि त्याला वंदन करणारा माणूस कोरला, आणि ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो’ असे खाली लिहिले. वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक चित्र टवाळखोराच्या हातचे आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती श्रद्धा साम्राज्याचा धर्म ठरवली आणि जुन्या देवांचे यज्ञ-उत्सव कायद्याने बंद केले. प्राचीन ऑलिंपिकची परंपराही त्याच काळात, रूढ समजुतीनुसार 393 मध्ये, खंडित झाली. पॅरिसच्या मंचावर त्याच देवांची मेजवानी पाहून आपण दुखावलो असताना, एके काळी त्या देवांचा उत्सव आपल्याच पूर्वजांनी मोडला होता, ही गोष्ट माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसाला सहज बाजूला सारता येत नाही. त्याच बरोबर हेही खरे की ‘अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान’ हे आधुनिक ऑलिंपिकचे मूळ बोधवाक्य आंरी दिदों या डोमिनिकन धर्मगुरूकडून या खेळांचे प्रवर्तक कूबेर्तँ यांनी घेतले.

मध्ययुगात चर्चने स्वतःच नाटकाला आसरा दिला. पुनरुत्थानाच्या उपासनेतील छोट्या संवादांतून वाढत जाऊन चौकाचौकांत दिवसेंदिवस चालणारी येशूच्या दुःखसहनाची नाटके उभी राहिली, त्यांत सैतान आणि विदूषक मनसोक्त धुडगूस घालत, आणि 1548 मध्ये पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तेथील वरिष्ठ न्यायालयाने, अशा पवित्र नाटकांवर बंदी घातली. शेवटच्या भोजनावरूनच 1573 मध्ये व्हेनिसच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, चित्रकार वेरोनेझेला बोलावले होते. प्रभूच्या मेजाभोवती विदूषक, मद्यपी, जर्मन शिपाई आणि बुटके कशाला, या प्रश्नावर कवींना आणि वेड्यांना मिळते तेवढी मोकळीक चित्रकारांनाही असते, असे उत्तर त्याने दिले. चित्र सुधारण्याचा हुकूम झाला. त्याने चित्राचे नावच बदलून ‘लेवीच्या घरची मेजवानी’ असे केले आणि प्रकरण तिथेच मिटले. शुभवर्तमानातल्या लेवीच्या घरी येशू जकातदार व पापी लोकांच्या पंक्तीला बसला होता, त्यामुळे हे नाव चित्राला अधिक शोभले असे माझे मत आहे.

फ्रान्समध्ये 1791 च्या दंडसंहितेत देवनिंदा हा गुन्हा उरला नाही. राजेशाही परतल्यावर 1825 मध्ये पवित्र वस्तूंच्या विटंबनेविरुद्ध केलेला कायदाही 1830 मध्ये रद्द झाला. कायद्याचा आधार गेल्यावर संताप कोठे जातो, हे 1988 मध्ये दिसले. ख्रिस्ताच्या अंतिम मोहावरील चित्रपटावर पॅरिसचे कार्डिनल ल्युस्तिजे आणि लिऑंचे कार्डिनल देकुर्त्रे यांनी तो न पाहताच आक्षेप घेतला होता. ऑक्टोबरमध्ये कडव्या कॅथलिक गटातील लोकांनी तो दाखवणाऱ्या पॅरिसमधील साँ-मिशेल चित्रपटगृहाला आग लावली आणि प्रेक्षक जखमी झाले. ल्युस्तिजे यांनी या कृत्याचा स्पष्ट निषेध केला. त्यानंतर बिशपांनी न्यायालयाचा मार्ग धरला. शेवटच्या भोजनाची मांडणी वापरून त्यात स्त्रियांना बसवणाऱ्या एका कपड्यांच्या जाहिरातीवर मार्च 2005 मध्ये त्यांनी बंदी मिळवली, पण नोव्हेंबर 2006 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. एखाद्या चित्राचे विडंबन म्हणजे श्रद्धावंतांचा अपमान नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याविरुद्धचे 295-अ हे कलम 1927 मध्ये तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेत आले, आणि 2006 मध्ये येशूच्या विवाहाच्या कल्पनेवर रचलेल्या एका हॉलिवूडपटावर गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली तेव्हा अनेक ख्रिस्ती संघटनांना ते योग्यच वाटले. अल्पसंख्य मंडळीने असे हत्यार उचलताना तेच हत्यार उद्या आपल्या प्रवचनावर किंवा बाप्तिस्म्यावर चालू शकते, याचा विचार करायला हवा होता.

पॅरिसच्या सोहळ्यानंतर जोली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांनी तक्रार नोंदवली, आणि ऑनलाइन छळाच्या त्या प्रकरणात पॅरिसच्या न्यायालयाने 2025 मध्ये सात जणांना दोषी ठरवले.