मीटरवर पास, ॲम्पमध्ये नापास

गिटारचा आवाज मोठा करणारा जुना ट्यूब ॲम्प घेताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ट्यूबा तपासल्यात का?" विकणारा सांगतो, "हो, सगळ्या टेस्टरवर चांगल्या दाखवतायत." बहुतेकांचं एवढ्यावर समाधान होतं. विचारायला हवं ते पुढे : कसल्या टेस्टरवर, आणि किती व्होल्टला?

ट्यूब म्हणजे आतली हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्या काचेआड मधोमध कॅथोडची बारीक नळी असते, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप. हीटर तिला ७००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या प्लेटला काहीशे व्होल्टचा धन दाब दिलेला असतो. ती त्यांना ओढून घेते. वाटेत तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारचा सिग्नल येतो तो या ग्रिडवर. तिथलं व्होल्टेज जरासं हललं की प्लेटकडे जाणारा प्रवाह चांगलाच हलतो. रेडिओ, टीव्ही, संगणक यांनी ट्रान्झिस्टर आल्यावर ट्यूबला रामराम ठोकला. गिटारवाल्यांनी नाही. सिग्नल क्षमतेबाहेर गेला की ट्यूब लाटेचा माथा एकदम छाटत नाही, आधी गोल करते, आणि तो फाटता आवाजच त्यांना हवा असतो.

वापराने कॅथोडचा लेप दमतो. सगळ्यात स्वस्त टेस्टर फक्त तेवढंच बघतो. ग्रिड आणि प्लेट एकत्र जोडायच्या, थोडं व्होल्टेज द्यायचं, प्रवाह किती येतो ते काट्यावर वाचायचं. याला एमिशन टेस्ट म्हणतात. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांतसुद्धा अशी यंत्रं उभी असत. लोक घरच्या टीव्हीच्या ट्यूबा काढून आणायचे, स्वतःच तपासायचे आणि तिथूनच नवी विकत घ्यायचे. परीक्षक आणि विक्रेता एकच असल्यावर काठावरच्या ट्यूबांचं काय होत असेल, हे सांगायला नको. पण खरी उणीव वेगळी आहे. ग्रिडच प्लेटला बांधून टाकल्यावर ती प्रवाहावर ताबा ठेवते की नाही हे कळणार कसं?

त्याच्या वरचे टेस्टर, म्हणजे अमेरिकेचे हिकॉक किंवा ब्रिटनचे एव्हो, ग्रिडचं व्होल्टेज बदलून प्लेटचा प्रवाह किती बदलतो ते मोजतात. या गुणोत्तराला ट्रान्सकंडक्टन्स म्हणतात. ॲम्पच्या पहिल्या टप्प्यात सर्रास दिसणारी ईसीसी८३ घ्या. अमेरिकेत हिलाच १२एएक्स७ म्हणतात. तिच्या माहितीपत्रकात प्लेटला २५० व्होल्ट असताना हा आकडा १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट दिलाय. १०० व्होल्टला तो १.२५ आहे. म्हणजे कोणी नुसतंच "सव्वा आला" म्हणालं, तर ट्यूब ठणठणीतही असेल किंवा बरीच दमलेलीही.

पॉवर ट्यूबच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्यातल्या ट्यूबच्या बाबतीत हा फरक फार महागात पडतो. दोन ईएल३४ पॉवर ट्यूबा असलेल्या ५० वॉटच्या मार्शल ॲम्पमध्ये प्लेटवर ४५० व्होल्टच्या आसपास दाब असतो. बरेच जुने टेस्टर १५० च्या पुढे जात नाहीत. ट्यूबमध्ये वायूचा अंश उरला असेल, तर जास्त दाबाखाली इलेक्ट्रॉन त्याच्या रेणूंवर आदळतात. धन आयन तयार होतात आणि ऋण दाब दिलेल्या ग्रिडवर जाऊन बसतात. त्याने ग्रिडचा ऋण दाब ढळतो, प्लेटचा प्रवाह वाढतो, ट्यूब आणखी तापते, आणखी वायू सुटतो. शेवटी प्लेट लालभडक होते. १५० व्होल्टला हीच ट्यूब अगदी शहाण्यासारखी वागलेली असते. काचेच्या आतल्या भिंतीवर निळसर झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही, ते इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्याचं तेज. प्लेटच्या आसपास जांभळट धुकं भरलं, तर मात्र वायू आहे. माथ्यावरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडलेली ट्यूब तर टेस्टरला लावूच नका. आत हवा शिरून तिथलं बेरियम संपलेलं असतं.

म्हणून माझ्या मते पॉवर ट्यूबचा खरा टेस्टर म्हणजे तो ॲम्पच. तंत्रज्ञ कॅथोड आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर घालतात. मग मल्टिमीटरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. ईएल३४ ची प्लेट २५ वॉट उष्णता सोसते. सिग्नल नसताना सुरक्षित म्हणून त्याच्या ७० टक्के धरले तर साडेसतरा वॉट, भागिले ४५०, म्हणजे जवळपास ३९ मिलिअँपिअर. (यात थोडा प्रवाह स्क्रीन ग्रिड नावाच्या आणखी एका जाळीचाही असतो.) एका ट्यूबला ३९ आणि दुसरीला २७ आले, तर जोडी जुळलेली नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोघींचे प्रवाह एकमेकांना काटत नाहीत आणि स्पीकरमधून हम, म्हणजे सतत घूं असा आवाज येतो. हे मोजमाप घरी करायच्या भानगडीत पडू नका. ॲम्पचा प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब राहू शकतो.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी मात्र आहे, आणि ती जुन्या टेस्टरना सहसा जमत नाही. ॲम्प चालू ठेवून प्रीॲम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यांतल्या प्रत्येक ट्यूबच्या काचेवर पेन्सिलीच्या लाकडी टोकाने हलकी टिचकी मारायची. थोडा टकटक आवाज आला तर चालतं. घंटेसारखा घुमला किंवा शिट्टी सुरू झाली, तर त्या ट्यूबच्या आतली जाळी सैल आहे. ती धक्क्याने हलते आणि तेवढाच प्रवाह हलवते. कॉम्बो ॲम्पमध्ये स्पीकर त्याच खोक्यात असल्याने ट्यूबला हे धक्के सारखे बसत राहतात. इनपुटजवळच्या पहिल्या ट्यूबमधला दोष सगळ्यात जास्त ऐकू येतो, कारण पुढचा प्रत्येक टप्पा त्याला कित्येक पटींनी वाढवत नेतो. अशी ईसीसी८३ लगेच फेकून देऊ नका. पॉवर ट्यूबच्या आधी फेज इन्व्हर्टरची, म्हणजे सिग्नलच्या दोन उलट प्रती करणाऱ्या टप्प्याची जागा असते, तिथल्या चांगल्या ट्यूबशी तिची अदलाबदल करा. तिथे ती अनेकदा काही त्रास न देता काम करत राहते.