काचेच्या गोळ्यातली चक्री प्रकाशाच्या धक्क्याने फिरत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या विज्ञान प्रदर्शनांत काचेच्या गोळ्यातली, एका बाजूने काळ्या आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत पात्यांची चक्री उन्हात गरगरते आणि ‘प्रकाशाच्या धक्क्याने फिरते’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. तसं असतं तर ती उलटी फिरली असती! प्रकाश परतवणाऱ्या चकचकीत बाजूला काळ्या बाजूच्या जवळपास दुप्पट रेटा बसतो. प्रत्यक्षात मागे सरते ती काळी बाजू; ती जास्त तापते आणि गोळ्यातली विरळ हवा, मुख्यतः पात्याच्या कडांपाशी, तिला ढकलते. हवा जवळजवळ पूर्ण काढली की चक्री थांबते.

प्रकाशाला रेटा असतो, हे खरंच. रशियाचे भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेव यांनी तो १९०१च्या सुमारास मोजून दाखवला. पण भुसावळचं वैशाखातलं ऊनसुद्धा एकरभर काळ्या रानावर दोन ग्रॅम वजनाइतकंही रेटत नाही. अवकाशात मात्र हवेचा अडथळा नसतो, म्हणून जपानच्या ‘इकारोस’ यानाच्या शिडाला २०१०मध्ये उन्हाच्या तेवढ्याशा रेट्यावर वेग घेता आला.