पुन्हा वाचलेले पुस्तक नवे का वाटते?

आवडते पुस्तक पुन्हा हाती घेणाऱ्या वाचकाला कथानक ठाऊक असते आणि पात्रांचे शेवटी काय होते हेही ठाऊक असते. वाचनाचा हेतू केवळ माहिती मिळवणे एवढाच असता, तर या दुसऱ्या वाचनाला काही कारणच उरले नसते. तरीही असंख्य वाचक ठरावीक पुस्तकांकडे वर्षानुवर्षे परततात. यामागे निव्वळ सवय नसून आपल्या स्मृतीचा मूळ स्वभावच आहे, असे मला मानसशास्त्रातील संशोधन पाहता ठामपणे वाटते.

वाचलेल्यापैकी नेमके काय लक्षात राहते, या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना उतारे ऐकवले, मध्येच थांबवले आणि आधी येऊन गेलेले एक वाक्य पुन्हा त्यांच्यासमोर ठेवले. कधी ते वाक्य जसेच्या तसे असे, कधी त्याचा अर्थ बदललेला असे, तर कधी अर्थ तोच ठेवून कर्तरीचा कर्मणी प्रयोग करावा तशी केवळ रचना बदललेली असे. वाक्य नुकतेच कानांवर पडलेले असताना दोन्ही प्रकारचे बदल ओळखता येत. मध्ये ८० अक्षरांचा, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाचा मजकूर गेल्यावर मात्र अर्थातला बदल बहुतेकांना कळे, पण रचनेतला बदल जवळजवळ अंदाजानेच सांगावा लागे. त्याआधी १९३२ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी दाखवून दिले होते की, गोष्ट आठवून सांगताना माणसे तिच्यातील अपरिचित भाग गाळतात आणि उरलेला भाग आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवून घेतात. याचा अर्थ असा की, पुस्तक मिटल्यानंतर आपल्याजवळ गोषवारा उरतो. शब्दांची निवड, वाक्यांची लय आणि वर्णनातले बारकावे, म्हणजे ज्यांच्यासाठी ते पुस्तक आपल्याला आवडले ते बहुतेक सारे, झपाट्याने निसटून जाते.

दुसऱ्या वाचनात डोळ्यांचे कामही बदलते. वाचताना नजर सलग सरकत नाही. ती एका शब्दावर सुमारे पाव सेकंद थांबते आणि पुढे उडी घेते. परिचित मजकुरावर हे थांबे कमी आणि आखूड होतात, उड्या लांबतात आणि मागे वळून पाहणे घटते. पुढे काय होणार हे शोधण्यात खर्च होणारे लक्ष त्यामुळे मोकळे होते आणि ते कथेच्या बांधणीकडे वळू शकते.

मग उत्कंठेचे काय? या बाबतीत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांचा १९८९ सालचा प्रयोग मला सर्वांत विलक्षण वाटतो. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे प्रयोगातील वाचकांना पक्के माहीत होते. तरीही ते पद स्वीकारतील की नाही अशी शंका निर्माण करणारा मजकूर वाचल्यानंतर त्याच वाचकांना हे विधान खरे असल्याचे सांगायला अधिक वेळ लागला. कथेत गुंतलेले मन आपल्याच ज्ञानाचा तेवढ्यापुरता उपयोग करत नाही, म्हणूनच शेवट ठाऊक असलेल्या प्रसंगातही छातीची धडधड वाढू शकते.

लहान मुले तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवण्याचा हट्ट धरतात, तोही व्यर्थ नसतो. ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात, त्याच गोष्टी वारंवार ऐकणारी तीन वर्षांची मुले वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा नवे शब्द अधिक चांगले शिकली. परीक्षेच्या अभ्यासाला मात्र हा नियम सरसकट लावू नये. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवले की, आठवड्यानंतरच्या चाचणीत मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो स्मरणातून लिहून काढण्याचा सराव केलेले विद्यार्थी सरस ठरले.

इतके असूनही ओळखीचे पुस्तक उघडण्यापूर्वी आपण कचरतो. शिकागो विद्यापीठातील एड ओब्रायन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत संग्रहालयातील प्रदर्शन, चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांचा अनुभव लोकांना दुसऱ्यांदा घ्यायला लावला, तेव्हा तो त्यांनी आधी वर्तवलेल्या अंदाजापेक्षा अधिक आनंददायी निघाला. पुस्तकांच्या बाबतीतही हेच घडत असावे, असे मला वाटते. कारण दुसऱ्या वाचनाबद्दलचा अंदाज आपण मनात उरलेल्या गोषवाऱ्यावरून बांधतो आणि गोषवाऱ्यातून काय गळून गेले आहे, हे त्या गोषवाऱ्याकडे पाहून कळत नाही.