सूचक जंतुसंसर्ग (मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील)

एखाद्या विरळ जंतूचा रक्तातील किंवा स्नायूतील संसर्ग हा मोठ्या आतड्यात दडलेल्या कर्करोगाचा पहिला पुरावा ठरतो, तेव्हा त्यास सूचक संसर्ग म्हणता येते. या संबंधाची पहिली नोंद बहुधा मॅककॉय व मेसन यांची (१९५१) मानली जाते. मात्र त्यांनी हृदयाच्या झडपेवरील जंतू एंटरोकॉकस म्हणून नोंदला होता, आणि त्या काळी एंटरोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस (येथील पहिला सूचक जंतू) जंतूंच्या एकाच ‘ड’ गटात मोडत असल्याने हा अग्रमान थोडा सैल धरलेला बरा. भक्कम आधार १९७७ मध्ये क्लाइन व सहकाऱ्यांनी दिला : कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे ५६ टक्क्यांच्या मलात बोव्हिस सापडला, तुलनेसाठी घेतलेल्या गटात सुमारे १० टक्क्यांच्या. २००३ मधील पुनर्वर्गीकरणानंतर बोव्हिसच्या पहिल्या जीवप्रकारास स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस, उपजाती गॅलोलिटिकस, हे नाव रूढ झाले. कर्करोगाशी घट्ट नाते याच उपजातीचे आहे, पाश्चुरिॲनस उपजातीचे बरेच सैल.

जंतू कर्करोग घडवतो की गाठीमुळे त्याला वाट मिळते, यावर मतभेद आहेत. गाठीच्या भागातील पित्तक्षारांमुळे या जंतूचे प्रतिस्पर्धी जंतूंना मारणारे प्रथिन अधिक प्रभावी होते, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसल्याने दुसरे मत अधिक पटणारे वाटते. तरी पहिले पूर्ण निकालात निघालेले नाही.

क्लोस्ट्रिडियम सेप्टिकम हा दुसरा सूचक जंतू. जखम नसताना वायुकोथ (गॅस गँग्रीन) झाला, म्हणजे मांडी सुजून दाबल्यावर त्वचेखाली कुरकुर जाणवली, तर उंडुकातील (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील) गाठीचा शोध घ्यावा.

बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी परिसरात शौचावाटे रक्त पडले की आधी मूळव्याध समजली जाते, आणि लांबलेल्या तापावर रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) होण्याआधीच प्रतिजैविके सुरू झाल्यास जंतू वाढत नाही. निपाणीकडील रुग्ण कोल्हापूर वा मिरजेस जातात, खानापूरचे बेळगावला. त्यामुळे हृदयाच्या झडपेवरील संसर्गाचा उपचार एका गावी आणि पोटाची तक्रार दुसऱ्या गावी असे सहज घडते. प्लॅस्टिकच्या पिशवीतील जुन्या अहवालावर ‘बोव्हिस’ एवढेच छापलेले असेल, तर उपजात कळत नाही. अशा वेळी ताप उतरला असला तरी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून घेणे योग्य होय.