आरतीची फेरी

आरतीची फेरी : गणेशचतुर्थीपासून विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी वाडीतली माणसे टाळ, झांजा, पखवाज घेऊन घरोघर जातात आणि प्रत्येक घरच्या गणपतीपुढे आरत्या म्हणतात, ती कोकणातली प्रथा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत ती पाळली जाते. बोलण्यात ‘फेरी’ हा शब्द क्वचितच येतो. ‘आरतीला चला’ किंवा ‘आरती कुठवर आली?’ एवढेच लोक विचारतात.

कोकणात गणपती मुख्यतः घरचा असतो. सार्वजनिक मंडप शहरांत आणि बाजारपेठांत दिसतात. वाडीत जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडाची किंवा भावकीची स्वतःची मूर्ती असते. घरे एका रांगेत नसतात. एक घर टेंबावर म्हणजे टेकाडावर, दुसरे व्हाळापलीकडे म्हणजे ओढ्यापलीकडे, तिसरे माडांच्या आगरात. मध्ये चिऱ्यांचे गडगे म्हणजे दगडी कुंपणे, साकव म्हणजे छोटे पूल आणि पायऱ्यांच्या पाखाड्या. म्हणून गाणाऱ्यांनाच चालावे लागते, आणि या गायनातल्या बहुतेक गोष्टी त्या चालण्याने ठरतात. कोणते वाद्य न्यायचे, कुठल्या पट्टीत सुरुवात करायची, किती आरत्या घ्यायच्या, कोणत्या घरी आधी जायचे, हे सगळे वाट पाहून ठरवायचे असते. एका जागी बसून भजन करणारा उत्तम बुवादेखील पहिल्या फेरीत इथेच चुकतो.

वेळेचा हिशेब आधी करावा. वाडीत 15 गणपती असले आणि प्रत्येक घरी 20 मिनिटे आरत्या, 10 मिनिटे प्रसाद आणि चाल धरली, तर साडेसात तास होतात. संध्याकाळी 7 ला निघालेली मंडळी रात्री अडीचला सुटतील, आणि शेवटच्या घरची लहान मुले कधीच झोपलेली असतील. यावर वाड्यांनी आपापले उपाय काढले आहेत. पहिल्या आणि शेवटच्या घरी सगळ्या आरत्या, मधल्या घरी गणपती, शंकर आणि देवी अशा तीनच घेऊन गाऱ्हाणे (घरासाठी देवाकडे मागणे), म्हणजे 12 मिनिटांत काम होते. चालीला आणि प्रसादाला 5 मिनिटे धरली तरी फेरी साडेअकराच्या सुमारास संपते. मोठ्या वाडीत दोन तुकड्या करतात. दीड दिवसाचे गणपती पहिल्या संध्याकाळी आधी घ्यावेत, कारण दुसऱ्या दिवशी ते निघतात. गौरीबरोबर गणपती गेले की पुढच्या दिवसांत मोजकीच घरे उरतात आणि तेव्हा प्रत्येक ठिकाणी सावकाश गाता येते. हे दिवस गाण्याच्या दृष्टीने सर्वांत चांगले, पण तोवर बरेच चाकरमानी मुंबईला परतलेले असतात.

घरांच्या क्रमावरून कुरबुर होते. काही ठिकाणी मानाच्या घरापासून सुरुवात होते. काही वाड्यांत आज शेवटी आलेले घर उद्या पहिले येते, आणि ही पद्धत जास्त न्याय्य आहे: शेवटच्या घराला रोज बसलेले आवाज आणि पेंगुळलेली माणसेच का मिळावीत? ज्या घरी सुतक आहे तिथे त्या वर्षी गणपती वेळेवर बसत नाही. अशा घरावरून जाताना झांजा हाताने दाबून धराव्यात आणि गप्प पुढे जावे.

वाद्ये

उत्तरेकडे ढोलकी किंवा पखवाज, टाळ आणि झांजा. दक्षिणेकडे, सावंतवाडी, दोडामार्ग आणि वेंगुर्ल्याच्या भागात, गोव्यासारखी घुमट आरतीही ऐकू येते. घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणतात, लहान तोंड हाताने कमी-जास्त झाकून नाद बदलतात. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चे संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. गोवा सरकारने 2019 मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. फेरीसाठी घुमट फार सोयीचे: हलके, गळ्यात अडकवून दोन्ही हात मोकळे. पडले की फुटते, एवढीच भीती.

लाकडी पखवाज आठ-दहा किलोचा. तो गळ्यात घेऊन पाखाडी चढणे हे वाजवण्याइतकेच कष्टाचे काम आहे, म्हणून वाजवणारा एक आणि उचलणारा दुसरा असावा. चढून दमलेल्या हाताने ठेका घाईत जातो आणि मग सगळी आरती धावू लागते.

भाद्रपदातली हवा ओलसर. कातडे पाणी धरते, सैल पडते आणि उजव्या पुडीचा, म्हणजे तोंडावरच्या कातड्याचा, सूर उतरतो. अशा वेळी अडाणी हात लगेच हातोडी घेऊन गठ्ठे (कातडे ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकतो. ओले कातडे असे ताणले आणि नंतर ते सुकले, की गजऱ्यापाशी, म्हणजे काठाच्या विणलेल्या कड्यापाशी, फाटते. आधी पुडी निखाऱ्यांपासून वीतभर लांब धरून, फिरवत, तळहाताला कोमट लागेपर्यंत शेकावी. मग सूर पाहावा. तरीही उतरलेला वाटला तरच गठ्ठे हलवावेत. डाव्या पुडीला पुरीएवढी सैल मळलेली कणीक लावतात. चार-पाच घरांनंतर ती सुकून तडकते आणि घुमारा जाऊन नुसता फटफट आवाज येतो. म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा बरोबर असावा. वाटेत पखवाजावर प्लॅस्टिक टाकावे, पण घरी पोचताच काढावे, नाहीतर आत घाम धरतो.

झांजा काशाच्या असतात आणि काही घरी आजोबांच्या वेळच्या जोड्या अजून वाजतात. दोन्ही झांजा समोरासमोर सपाट आपटल्या तर मध्ये हवा कोंडते, नाद उमटत नाही, आणि जोर वाढवला की काठाला चीर जाते. एक झांज किंचित तिरकी धरून काठावर काठ घसटता यावा. दोरी भोकाच्या कडेवर झिजते; चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती बदलून घेतली तर ऐन गर्दीत झांज कोणाच्या पायावर पडत नाही.

पट्टी आणि चाल

पहिल्या घरी सगळे ताजेतवाने असतात, म्हणून कोणीतरी आरती उंच उचलतो. सहाव्या घरी आवाज फाटतात. पुरुषांनाच म्हणायचे असेल तर काळी एकपासून (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीपासून) सुरुवात बरी. आता बहुतेक वाड्यांत बायकाही बरोबर म्हणतात, त्यांना ही पट्टी खोल जाते. तेव्हा थोडी वर घेऊन पुरुषांनी खालच्या सप्तकात साथ करावी. पखवाज लावलेला असला की पट्टी घरोघर बदलता येत नाही, म्हणून हा निर्णय निघण्यापूर्वीच व्हायला हवा.

आठ मात्रांचा भजनी ठेका संथ धरून सुरुवात करावी आणि लय शेवटच्या कडव्यातच वाढवावी. पाठांतर कच्चे असले की मधली कडवी गळतात. शंकराच्या आरतीत ‘लवथवती’चे ‘लवलवती’ होते, गणपतीच्या आरतीत ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ होते. नागाला कमरबंद म्हणून धारण केलेला, हा अर्थ मुलांना एकदा सांगितला की ती चूक पुन्हा होत नाही.

घरात उभे राहताना वर पाहावे. सिंधुदुर्गात मूर्तीवर माटवी म्हणजे टांगलेली लाकडी चौकट असते आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी, कवंडाळ, कांगण्या, तेरडा, आंब्याचे टाहाळे टांगलेले असतात. झांज उंच उचलणाऱ्याचा हात तिला लागतो आणि फळे निरांजनावर पडतात. झांजवाल्यांनी मागे, उंबऱ्याजवळ उभे राहावे. लहान माजघरात तिथून त्यांचा आवाजही बोचत नाही.

आरत्यांनंतर ‘घालीन लोटांगण’, मंत्रपुष्पांजली आणि मग गाऱ्हाणे. वाडीतला जाणता माणूस त्या घराचे नाव घेऊन देवाकडे मागणे मागतो: आजाऱ्याला आराम, मुलाला नोकरी, शेताला पीक. प्रत्येक वाक्यावर सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. घाई झाली की गाऱ्हाणे आटोपते घेतात. तसे करू नये. आरत्या सगळ्या घरी सारख्याच असतात, गाऱ्हाणे त्या एका घरचे असते.

‘मोरया’चा गजर पुढच्या घरापर्यंत ऐकू जातो आणि तिथे तेवढ्यावर निरांजनात तूप घातले जाते. गजर कुठून आला, त्यावरून किती घरे उरली हे स्वयंपाकघरात बसून कळते. चहाचे आधण त्या हिशेबाने चढते. पंचखाद्याची खिरापत किंवा लाडू-करंजी हातावर पडते. रात्रीच्या शेवटच्या घरी काळ्या वाटाण्याची उसळ असते. ज्या घरी ध्वनिमुद्रित आरती मोठ्याने लावून ठेवतात, त्या वाडीत ही खूणच हरवते. फेरी येते आणि निरांजन अजून लावलेले नसते.

वाटेत सपाटीवर पावलांच्या लयीत गजर म्हणत जातात, चढावर मात्र श्वासच पुरत नाही. पाखाड्यांवरचे गवत चतुर्थीपूर्वी बेणून घ्यावे आणि शेवाळ खरवडून काढावे. पडणारा माणूस बहुधा उतारावर पडतो, आणि हातात झांज असली की हात टेकता येत नाही. म्हणून सर्वांत बुळबुळीत पाखाडी उजेडातच उरकावी. पूर्वी माडाच्या सुक्या झावळीची चूड (पेटती जुडी) किंवा गॅसबत्ती असे, आता बॅटरी असते. ती पुढे एक आणि मागे एक हवी. चिऱ्यांच्या गडग्यात फुरसे हा विषारी साप दडतो. टाळांच्या आवाजाने तो दूर जाईल असे मानून अंधारात गडग्यावर हात ठेवू नये.

रात्री परत आल्यावर पखवाज पुसून कोरड्या जागी आडवा ठेवावा. डाव्या पुडीवरची कणीक त्याच रात्री खरवडून काढावी. तिच्या वासाने उंदीर येतात, आणि कणकेबरोबर ते कातडेही कुरतडतात.