‘रिमूव्ह’ चालवले, तरी अ‍ॅरे तेवढाच का?

सी प्लस प्लस शिकणारे बहुतेक जण इथे एकदा तरी ठेचकाळतात. व्हेक्टरमध्ये, म्हणजे लांबी बदलू शकणाऱ्या अ‍ॅरेत, ३, ०, ५, ०, ८ ही मूल्ये आहेत आणि शून्ये नकोत, म्हणून ‘रिमूव्ह’ चालवले. छापून पाहावे तर ३, ५, ८, ०, ८! लांबी पाचच, एक शून्य अजून शिल्लक आणि आठ दोनदा.

हा बग नव्हे. याचे मूळ अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत घडवलेल्या एसटीएलमध्ये, म्हणजे ‘स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी’मध्ये आहे. १९९४ मध्ये सी प्लस प्लसच्या प्रमाणीकरण समितीने ती लायब्ररी स्वीकारली. शोधणे, क्रम लावणे, गाळणे ही कामे मूल्ये साठवणाऱ्या प्रत्येक रचनेसाठी (कंटेनरसाठी) पुन्हा पुन्हा लिहायची नाहीत, हा त्यामागचा आग्रह. अल्गोरिदमच्या हाती फक्त दोन इटरेटर, म्हणजे जागा दाखवणाऱ्या खुणा, द्यायचे: सुरुवात आणि शेवट. त्यांच्यामागे व्हेक्टर आहे की सी भाषेतला साधा अ‍ॅरे, हे त्याला कळतच नाही. साध्या अ‍ॅरेची लांबी तर कुणालाच बदलता येत नाही. मग ‘रिमूव्ह’ जमेल तेवढे करते: हवी ती मूल्ये क्रम न मोडता पुढे सरकवते आणि नवा शेवट कुठे आहे ते सांगते. उरलेली शेपटी ‘इरेज’ने आपणच छाटायची. मला ही तडजोड रास्त वाटते. नाव मात्र फसवे आहे.

युक्ती साधीच. एक निर्देशांक वाचत पुढे जातो, दुसरा लिहीत मागून येतो. नको ते मूल्य दिसले की दुसरा थांबून राहतो. एका फेरीत काम होते, वेगळी जागा लागत नाही. याउलट लूपमध्ये एकेक मूल्य ‘इरेज’ केले की दर वेळी मागचे सगळे पुढे सरकते. एक लाख मूल्यांतले एकाआड एक काढायचे, तर ही सरकासरकी सुमारे अडीचशे कोटींवर जाते. शिवाय काढलेल्याच्या जागी आलेले मूल्य तपासायचे राहून जाते, ते वेगळेच.

कॉमन लिस्प या भाषेतही ‘डिलीट’ने परत दिलेली यादी चलात पुन्हा साठवावी लागते, कारण पहिलाच घटक गळला, तर जुने चल जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहते.

जावाने २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत, ‘रिमूव्हइफ’ थेट कलेक्शनलाच दिले. सी प्लस प्लसमध्ये गाळणे आणि छाटणे एकत्र करणारे ‘इरेजइफ’ २०२० च्या मानकात आले, म्हणजे एसटीएल स्वीकारल्यानंतर पाव शतकाने.

गो भाषेने २०२३ मध्ये १.२१ आवृत्तीत ‘डिलीटफंक’ आणले, तेव्हा जुना शेपटीचा प्रश्न पुन्हा समोर आला. स्लाइस (अ‍ॅरेच्या एका भागावरची खिडकी) आखूड होई, पण शेपटीतले पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, तसेच राहत आणि नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला ती मेमरी सोडवता येत नसे. १.२२ पासून शेपटीतल्या त्या जागा शून्यमूल्याने पुसल्या जातात. परत आलेली स्लाइस चलात साठवायला विसरलात, तर आता अ‍ॅरेच्या टोकाला शून्ये किंवा निल (रिकामा पॉइंटर) दिसतात.